मानमोडी नव्हती ती

मी पशुसंवर्धन खात्यात डॉक्टर आहे, भोर तालुक्यातल्या डोंगराकडच्या पट्ट्यात. दसरा होऊन दोनच दिवस झालेले, ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, सकाळी दवाखान्यात गायी उभ्या आणि आमच्या पशुसखीचा, म्हणजे गावात जनावरं-कोंबड्यांची देखभाल बघणाऱ्या ताईचा, फोन आला. सर, वरच्या वाडीतल्या आजींच्या अकरा कोंबड्या मेल्या चार दिवसांत, आज अजून सहा बसल्यात माना टाकून, आणि आजी पोलीस स्टेशनला निघाल्यात.

पोलीस कशाला तर शेजारच्या तात्यांशी बांधावरनं वाद. मागच्याच महिन्यात कोंबड्यांनी तात्यांच्या परड्यातली मेथी उकरली होती तेव्हा ते रागाच्या भरात बोलून गेले होते की एकदा बंदोबस्त करतो म्हणून. आजींनी तेच धरलं. "इख घातलंय डाक्टर, दुसरं काय न्हाय."

अकरा कोंबड्या म्हणजे शहरातल्या माणसाला काही वाटणार नाही पण आमच्याकडे श्रावणापासून नवरात्र उठेपर्यंत गिऱ्हाईक नसतं, कोंबडे तेवढे महिने खाऊ घालून सांभाळायचे आणि दसऱ्यानंतर काढायचे, सहाशे-सातशेला एक जातो. आजींचं वर्षाचं गणित त्या ३४ पाखरांवर होतं.

जाताना गाडीवर माझ्या डोक्यात एकच, मानमोडी. राणीखेतला आपल्याकडे मानमोडी म्हणतात आणि गावठी कोंबड्या पटापट मरायला लागल्या की पहिलं नाव तेच येतं. पण जुलैमध्येच तिच्यावरची आर-टू-बी ही लस दिलेली, बर्फाच्या डब्यातनं मीच व्हायल पाठवल्या होत्या. मग वाटेत बर्फ वितळला का, लस वाया गेली का, म्हणजे चूक आपलीच का, हे पूर्ण घाटभर डोक्यात. आणि त्याच्याही मागे बर्ड फ्लू. २००६ ला नवापूर, २०२१ च्या जानेवारीत परभणीचं मुरुंबा, हे आमच्या खात्यातला कुणी विसरत नाही. तसं निघालं तर एक किलोमीटरच्या आतलं प्रत्येक पाखरू मारावं लागतं, आजींचंही आणि तात्यांचंही.

मास्क, हातमोजे घालूनच अंगणात शिरलो. सहा कोंबड्या भिंतीच्या सावलीत बसलेल्या. बसलेल्या म्हणजे पसरलेल्याच, पंख ढिले, मान पुढे जमिनीवर सरळ टाकलेली, चोच मातीत टेकलेली. एक पांढरी होती तिच्याजवळ मी खाली बसलो. डोळा अर्धा मिटलेला, पण मी बोट नेलं की डोळ्यावरचा पडदा सरकायचा. तिला सगळं कळत होतं, फक्त अंग ऐकत नव्हतं.

इथेच मला खटकलं. मानमोडीत मान मुरगळते हो, पाठीकडे वळते, पीळ पडल्यासारखी, म्हणून तर ते नाव. ही मान मोडलेली नव्हती, गळलेली होती, ओल्या कापडासारखी. हिरवी हगवण नाही, घरघर नाही, नाकातोंडाला चिकटा नाही. तुरा लाल, काळानिळा नाही, तोंडावर सूज नाही. आणि डालग्याखाली एक खुडूक कोंबडी नऊ पिल्लं घेऊन अगदी ठणठणीत. मानमोडी आली असती तर आधी पिल्लं गेली असती. आजींना विचारलं पहिल्यांदा कुठल्या मेल्या, तर म्हणाल्या, "चांगल्या चांगल्याच गेल्या बाबा, खाऊन पिऊन दांडग्या." म्हणजे जे मोकळं फिरतंय आणि जास्त खातंय तेच मरतंय.

मग खरंच विष? मी पांढरीला पाय धरून उचललं, पंखाखालची पिसं हाताला लागली तशी गळूनच आली, आणि मान खाली लोंबल्याबरोबर चोचीतनं आंबूस पाणी आलं. वास घेतला. उंदराच्या औषधाचा लसणासारखा वास नाही, फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प नाही, औषध चोळलेलं रंगीत बियाणं नाही. पाण्याबरोबर मातीवर तीन पांढऱ्या अळ्या पडल्या, एक अजून हलत होती.

आजींना म्हटलं, आजी, पोलिसांचं राहू द्या तासभर, उरलेल्या कोंबड्या सोडा.

आम्ही तिघं त्यांच्या मागं मागं, मी, पशुसखी आणि आजी. आधी अंगणात टिपत राहिल्या, मग गोठ्यामागं, मग एक कोंबडा उताराला ओढ्याकडच्या घाणेरीत शिरला आणि कुक कुक करून त्यानं बाकीच्यांना बोलावलं, आणि सगळ्या पळतच गेल्या. तिथं पोचायच्या आधीच वास आला. घाणेरीच्या बुडाशी मेलेल्या कोंबड्या टाकलेल्या, आजींच्याच, मेली की नातू नेऊन तिथं फेकायचा. आणि त्यांच्या खाली एक जुनं मढं, तांबड्या पिसांचं. आजी म्हणाल्या घटस्थापनेच्या आसपास तांबडी मुंगसानं नेली होती. वर नुसती अळ्यांची वळवळ, भात रटरटावा तशी, आणि कोंबड्या त्यावर तुटून पडलेल्या. आम्ही ओरडून हाकलल्या.

बॉट्युलिझम. मेलेल्या जनावराच्या अंगात, उष्म्यात, जिथं हवा पोचत नाही तिथं या रोगाचे जंतू विष तयार करतात, अळ्या ते विष खातात आणि त्यांना काही होत नाही, पण अळ्या खाणारी कोंबडी लुळी पडते. आधी पाय, मग पंख, मग मान, शेवटी श्वास. ती मेली की घाणेरीत, तिच्यात पुन्हा अळ्या, पुन्हा नव्या कोंबड्या. तांबडीपासून सुरू झालेलं ते चक्र आजींच्याच घरातनं रोज पुढं सरकत होतं. हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं. नातू दहा वर्षांचा, दाराआड उभा राहून ऐकत होता. त्याला जवळ घेऊन सांगितलं की तुझी काही चूक नाही, सगळं गाव असंच टाकतं, आणि ते खरंच आहे.

आजींच्या मनात बसलेल्या सहा कापून वाट्याला घालायचं होतं, मरायच्या आधी चार पैसे तरी. ते मी होऊ दिलं नाही. बाकीच्या कोंबड्या कोंडून ठेवल्या, आजाऱ्यांना पोट साफ व्हायला एप्सम सॉल्टचं पाणी ड्रॉपरनं, थेंब थेंब, मान हातानं वर धरून, नाहीतर पाणी छातीत जातं. पशुसखी दोन दिवस हेच करत होती. आणि बर्ड फ्लू नाही असं नुसतं डोळ्यांनी ठरवून चालत नाही म्हणून पहाटे मेलेल्या दोन कोंबड्या आणि नमुने बर्फात पॅक करून औंधला, पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवले.

खड्डा कोण खणणार हा प्रश्न होता. आजींचा मुलगा पुण्याला कंपनीत. बांधाच्या पलीकडे तात्या केव्हापासून उभे होते, पोलीस हा शब्द त्यांच्याही कानावर गेला असणारच. काही न बोलता घरात गेले आणि टिकाव-फावडं घेऊन आले. कंबरेइतका खड्डा त्यांनी एकट्यानं काढला, खाली चुना, मग सगळी मढी वरच्या मातीसकट, पुन्हा चुना, वर मोठे दगड कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. घाणेरीचं बूड जाळून काढलं. आजी गोठ्याच्या मेढीला टेकून बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तात्या, च्या टाकते."

सहातल्या दोन त्या रात्रीच गेल्या. बॉट्युलिझमचा कागद माझ्याकडे नाही, पण नंतर एकही नवीन कोंबडी बसली नाही. पुण्याहून रिपोर्ट आला तो राणीखेत नाही, बर्ड फ्लू नाही. तिसऱ्या दिवशी पशुसखीनं व्हिडिओ पाठवला, पांढरी उभी होती, पाय अजून लटपटत होते पण मान वर, आणि नातवाच्या हातातल्या वाटीत ती स्वतः चोच बुडवत होती.