थांबायचं कधी, हे ठरवणारा कोड

पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाचा तुकडा, आलं की नेटवर्क कार्ड इंटरप्ट देतं, म्हणजे हातातलं काम थांबवून इकडे बघ, असा इशारा सीपीयूला देतं. लिनक्समध्ये त्या हार्ड इंटरप्टच्या हँडलरमध्ये काम जेमतेमच होतं: कार्डाचे पुढचे इंटरप्ट तात्पुरते बंद करायचे, कार्डाचं नाव पोलिंगच्या (कार्डाकडे आलेली पॅकेटं कर्नेलने स्वतः जाऊन उचलण्याच्या) यादीत टाकायचं आणि सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे इंटरप्टचं उरलेलं काम नंतर करणारी कर्नेलची यंत्रणा, उठवायचा. आयपी, टीसीपी हे नेटवर्कचे थर आणि प्रोग्रॅम जिथून डेटा उचलतो ती सॉकेटची रांग, ही खरी मेहनत त्यानंतर सुरू होते.

कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते, कारण काम कुठे थांबवायचं याचा इतका बारीक विचार मला क्वचित दिसतो. एका फेरीत एका कार्डाकडून साधारण 64 पॅकेट, सगळी कार्डं मिळून 300, शिवाय वेळेची मर्यादा वेगळी. एवढ्यात काम उरकलं नाही तर ‘टाइम स्क्वीझ’चा आकडा एकने वाढतो आणि सॉफ्टआयआरक्यू पुन्हा उठवला जातो. अशा फेऱ्याही दहाच, त्याही दोन मिलिसेकंदांच्या आत. तरी काम उरलंच तर ते त्या सीपीयूच्या केसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडकडे जातं; उरलेले सॉफ्टआयआरक्यू हाताळण्यासाठीच तो असतो. या मर्यादा नसतील तर काय होतं, हे मोगल आणि रामकृष्णन या संशोधकांनी 1996 मध्येच दाखवलं होतं: पॅकेटं घेण्यातच सीपीयू संपतो आणि ती ज्या प्रोग्रॅमसाठी आली त्याला वेळच मिळत नाही.

पॅकेट गळायला लागली की बरेच जण आधी बफर वाढवतात. मी आधी सॉफ्टनेट-स्टॅट ही कर्नेलच्या आकडेवारीची फाइल उघडते. दर ओळ एका सीपीयूची, आकडे हेक्समध्ये; दुसरा रकाना रांग भरल्यामुळे टाकलेल्या पॅकेटांचा, तिसरा टाइम स्क्वीझचा. तिसरा वाढत असेल, तर नेमून दिलेल्या मर्यादेत काम आटपत नाहीये. हा सगळा भार एकाच सीपीयूवर पडतोय का, हेही त्याच फाइलीत दिसतं.

मला खटकतं ते वेगळंच. सॉफ्टआयआरक्यू बहुतेकदा चालतो तो त्या क्षणी सीपीयूवर असलेल्या प्रक्रियेला अडवून. तिचा त्या पॅकेटांशी काही संबंध असेलच असं नाही. केसॉफ्टआयआरक्यूडी मात्र साधा थ्रेड आहे, कोणाला कधी सीपीयू द्यायचा हे ठरवणाऱ्या शेड्युलरला तो दिसतो. 2016 मध्ये ठरलं, की तो जागा असेल तर काम त्यालाच करू द्यायचं. पण नेटवर्कशी संबंध नसलेले सॉफ्टआयआरक्यूही त्यापायी रखडायचे, म्हणून 2023 मध्ये तो बदल मागे घेतला. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं.

म्हणूनच लिनक्स 5.12 पासून आलेला थ्रेडेड नॅपी मला जास्त योग्य वाटतो; नॅपी म्हणजे वर सांगितलेली पोलिंगची पद्धत. प्रत्येक पोलिंगला स्वतःचा थ्रेड मिळतो. त्याला हव्या त्या सीपीयूवर बांधा, प्राधान्य द्या. लेटन्सी, म्हणजे पॅकेट पोचायला लागणारा वेळ, थोडी वाढू शकते, पण वेळ कोण खातंय ते टॉप या कमांडमध्ये नावानिशी दिसतं. शेकडो प्रक्रिया एकत्र चालणाऱ्या सर्व्हरवर मी तोच निवडेन.