ट्यूबवाली .२२ : तीन बघितल्या, एकीवर येऊन थांबलोय

मंडळी, ट्यूबवाली .२२ रायफल (बॅरलखालच्या नळीत काडतुसं भरायची ती) घ्यायचीये, दोन महिने नुसता कीस पाडतोय पण आता बऱ्यापैकी ठरलंय. आधी कागदाचं थोडक्यात. बाबांची बारा बोअर वारस म्हणून माझ्या नावावर आली (लायसनवाल्याचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली की वारसाच्या नावावर करता येते, आर्म्स रूल्स २०१६ मध्ये आहे ते). २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच बंदुका, म्हणजे ही .२२ घेतली की माझा कोटा संपला. चुकून चालणार नाही. सोलापूर शहरात राहतो त्यामुळे चकरा पोलीस आयुक्तालयाच्या, त्या किती मारल्या ते विचारू नका. आईचा मात्र एकच प्रश्न, "ससे मारत फिरणारेस का आता?" अगं आई, १९७२ चा कायदा आहे, शिकार कधीच बंद झाली, मी कागदाला भोकं पाडणार आहे फक्त.

ज्याला मॅच खेळायचीये त्याने मात्र ट्यूबच्या नादाला लागू नका. स्वप्निल कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं, त्या प्रकारात रायफल सिंगल शॉटच लागते, दर वेळी हाताने एक गोळी भरायची. मला रविवारी दोन तास मजा पाहिजे, बजेट लाखाच्या आत, आणि सारखं मॅगझिन काढा-भरा नको. आणि ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक टोक लावून बसतात तरी .२२ ला भीती नाही, कारण ती रिमफायर, म्हणजे ठोक्याने पेटणारा मसाला (प्रायमर) बुडाच्या कडेला, रिममध्ये असतो, मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला लागलं तरी तिथे प्रायमर नसतोच.

नवी परदेशी आपल्यासारख्याला मागवता येत नाही, म्हणजे जुन्यातच शोधायचं. तीन सापडल्या: विंचेस्टर ६२ पंप (पुढची मूठ मागे-पुढे ओढून गोळी चढवायची), रेमिंग्टन ५७२ पंप आणि मार्लिनची ८१, बोल्टवाली (मागचा दांडा हाताने ओढायचा).

विंचेस्टर बघताक्षणी जीव गेला माझा. बाहेर दिसणारा हॅमर, पंप ओढला की असा काही खटॅक आवाज येतो की बास. दुकानदार काका म्हणाले, "घेऊन टाका, अशी परत मिळायची नाही." मी खिशातून इअरबड काढला. सोबत आलेला मित्र म्हणतो काय बे, बंदूक बघायला आलास का कान साफ करायला! तर इअरबड चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) तोंडाच्या कडेवरून हळू फिरवला आणि वरच्या बाजूला, बरोबर जिथे फायरिंग पिन आपटते तिथे, कापसाचा एक तंतू अडकून राहिला. टॉर्च मारला तर बारीक खाच. इतकी वर्षं येणाऱ्या प्रत्येकाने रिकामी खटखट वाजवून बघितलेली दिसतेय. रिमफायरमध्ये आत काडतुसाची रिम नसली की पिन सरळ चेंबरच्या कडेवर बसते, मग तिथे लोखंड दबून आत येतं आणि उडवलेल्या काडतुसाचं टरफल काढताना अडकतं. काकांना दाखवलं तर म्हणाले "त्याने काय होतंय". जड मनाने परत ठेवली. (रात्री जेवतानाही तीच डोळ्यासमोर, भाकरी-शेंगाचटणी पण गोड लागेना.)

रेमिंग्टन ठीक होती, हात बसला, पण मझलच्या क्राउनवर (नळीच्या पुढच्या तोंडाची कड) तसाच इअरबड फिरवला तर दोन जागी धागे. शिवाय किंमत बजेटच्या वर. पुढे.

मार्लिन दिसायला अगदीच साधी, स्टॉकवर (लाकडी दस्ता) कुणीतरी घरचं वॉर्निश चोपडलेलं. पण चेंबर स्वच्छ, क्राउन स्वच्छ. ओळखीच्या एका काकांची आहे, त्यामुळे ते स्वतः सोबत आले आणि रेंजवर त्यांच्यासमोरच बघता आली. ५० मीटर, पुढे वाळूची पिशवी, पाच-पाचचे ग्रुप (पाच गोळ्यांची भोकं किती जवळ पडतात ते). पहिल्यांदा हाय व्हेलॉसिटी टाकली, ग्रुप असा की पाचही शॉट वाटीखाली झाकावे लागतील. मग सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू जाणारी), गोळीचं वजन ४० ग्रेनच, आणि लगेच रुपयाच्या नाण्याच्या आसपास. माझा समज असा की जोरातली गोळी टार्गेटपर्यंत जाता जाता आवाजाच्या वेगाखाली येते आणि तिथे डळमळते, सबसॉनिक मुळातच खाली असते. आपल्याकडे मे महिन्यात ४० डिग्रीला आवाजाचा वेग साधारण ३५५ मीटर सेकंदाला, २० डिग्रीला ३४३, म्हणजे उन्हाळ्यात सबसॉनिकला अजून थोडी जागा मिळते. सोलापूरच्या उन्हाचा एक तरी फायदा!

आता गंमत. पाच भरून मारले की ग्रुप जागेवर, ट्यूब गच्च भरली की पहिले तीन-चार शॉट बोटभर खाली आणि मग ग्रुप हळूहळू वर सरकतो. आधी वाटलं माझाच श्वास चुकतोय, काकांना मारायला दिली तर त्यांचंही तेच. ट्यूब बॅरललाच लटकलेली आहे ना, आणि एक काडतूस सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, १७-१८ म्हणजे ५५ ग्रॅमच्या वर वजन बॅरलच्या खाली, ते शॉटगणिक कमी होत जातं. निदान मला तरी तेच कारण वाटतंय. बॅरल आणि ट्यूब जोडणारा पट्टा पण गच्च आवळलेला होता, एकाच बाजूला घासल्याची खूण आहे.

दुसरं, आतल्या पितळी ट्यूबला एक डेंट आहे, शेवटच्या दोन गोळ्या तिथे रेंगाळतात, ट्यूब जरा झटकली की पुढे सरकतात. त्या डेंटवर काकांनी पाच हजार कमी केले, मी दहा म्हणतोय, फोन चालू आहेत.

काकांनी सध्या ती लायसनवाल्या गनस्मिथकडे टाकलीये, डेंट काढणार आणि पट्टा थोडा सैल करून देणार. आली की परत पाच विरुद्ध फुल ट्यूब, तेच सबसॉनिक, तीच पिशवी, आणि या वेळी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. कुणाकडे ८१ असेल तर पट्टा किती आवळता ते सांगा की राव.