आपल्याच शाळेवर प्रबंध लिहिताना

न्यू जर्सीतील एका सरकारी शाळेत, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी, मी उपमुख्याध्यापिका म्हणून काम करते आणि नोकरी सांभाळून शैक्षणिक नेतृत्व या विषयात ऑनलाइन एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) करीत आहे. भारतातील शिक्षक मित्रमैत्रिणी याबद्दल विचारतात तेव्हा त्यांचे प्रश्न फी आणि मान्यता यांभोवती फिरतात. ते रास्तच आहेत. पण या पदवीत खरा कस लागतो तो संशोधनाचा विषय आपल्याच शाळेतून घ्यावा लागतो म्हणून.

मान्यतेचे आधी सांगते. भारतात पीएच.डी. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमावलीत अर्धवेळ पीएच.डी.ला वाव आहे, मात्र नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने ऑनलाइन पीएच.डी. देऊ करणाऱ्या कंपन्यांबाबत यूजीसी आणि तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) यांनी त्याच वर्षी जाहीर इशाराही दिला होता. तेव्हा भारतात प्राध्यापकी करायची असेल, तर माझी वाट धरू नये. अमेरिकेत मात्र शाळा आणि स्कूल डिस्ट्रिक्ट (एका भागातील सरकारी शाळांचा कारभार पाहणारी यंत्रणा) चालवणाऱ्यांची पदवी म्हणून एड.डी. रुळलेली आहे. हार्वर्डने ती १९२१ मध्ये प्रथम दिली आणि पुढे त्याच हार्वर्डने ती बंद करून पीएच.डी. सुरू केली, त्यामुळे ही पीएच.डी.ची धाकटी बहीणच, असे टोमणे अजूनही ऐकू येतात. २००७ मध्ये अनेक विद्यापीठांनी कार्नेगी प्रकल्पाच्या छत्राखाली एकत्र येऊन या पदवीची फेरमांडणी सुरू केली आणि कामाच्या ठिकाणची खरीखुरी अडचण हा प्रबंधाचा गाभा असावा, असा आग्रह धरला. माझ्या मते त्यामुळेच ही पदवी ऑनलाइन शिकवणे शक्य झाले, कारण विद्यार्थ्याची प्रयोगशाळा त्याच्या नोकरीच्या ठिकाणीच असते.

माझा विषय आहे गैरहजेरी. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा अधिक दिवस चुकले की मूल सततच्या गैरहजेरीच्या यादीत जाते. १८० दिवसांच्या वर्षात हा आकडा १८ येतो. अशा मुलांचे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या शाळेला २०१८च्या राज्य कायद्यानुसार सुधारणा आराखडा करावा लागतो. आजारपण असो वा प्रवास, बहुतेक रजा या हिशेबात धरल्या जातात, आणि आमच्या भागातील भारतीय कुटुंबांची अडचण नेमकी इथे सुरू होते. तिकिटे महाग, आजीआजोबा वाट पाहत असलेले, एखादे लग्न किंवा मुंज ठरलेली. मग डिसेंबरच्या सुट्टीला पुढे-मागे दोन-तीन आठवडे जोडले जातात आणि पुढे फ्लूच्या चार दिवसांत मूल यादीत जाऊन बसते. अभ्यासात हुशार असलेल्या मुलाबद्दल असे पत्र घरी आले की पालक चक्रावतात.

या पालकांशी बोलायचे ठरवले तेव्हा विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीने मला बराच काळ अडवून धरले. मुलांच्या शिस्तीचे निर्णय माझ्याकडे, शिक्षकांचे वार्षिक मूल्यमापनही माझ्याकडे. अशा व्यक्तीने समोर संमतीपत्र ठेवले तर नकार कोण देणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. अखेर मुलाखती दुसऱ्या शाळेतील एका समुपदेशिकेने घ्याव्यात आणि नावे काढून टाकलेली टिपणेच माझ्या हाती यावीत, असे ठरले. या अटीवर मी तेव्हा वैतागले होते खरी. पण माझ्यासमोर कोणी बोलले नसते असे बरेच काही त्या टिपणांत सापडले. अनेक पालकांची समजूत अशी होती की, आधी अर्ज देऊन घेतलेली रजा गैरहजेरीत धरली जात नाही. आणि ती समजूत आमच्या कार्यालयानेच पोसली होती: रजेचा अर्ज घ्यायचा, शुभेच्छा द्यायच्या आणि आकड्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, ही तिथली वर्षानुवर्षांची रीत.

वर्ग झूमवर संध्याकाळी भरतात. आमच्या तुकडीत टेक्ससमधील एक प्राचार्य आणि अलास्कातील एक शिक्षिका आहेत. गैरहजेरीच्या कारणांचा माझा आराखडा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळा दोष पालकांच्या बाजूला का, असे त्या शिक्षिकेने सरळ विचारले. तास संपल्यावर व्हरांड्यात रेंगाळून होणाऱ्या गप्पांना मात्र इथे पर्याय नाही आणि मला ती उणीव जाणवते.

आता ऑक्टोबरमध्येच, म्हणजे निदान काही घरांत तरी तिकिटे काढली जाण्याआधी, मुलाचे आजवर किती दिवस बुडाले आणि किती शिल्लक आहेत हे सांगणारे पत्र जाते. त्याचा परिणाम जानेवारीअखेरच्या हजेरीत दिसावा, अशी अपेक्षा आहे. एका हिवाळ्याच्या आकड्यांवरून फारसे काही सिद्ध होत नाही, हे प्रबंध समितीतील एका प्राध्यापकांनी मला आत्ताच बजावून ठेवले आहे, त्यामुळे पुढच्या हिवाळ्याचे आकडे हाती येईपर्यंत निष्कर्षाचे प्रकरण कोरेच राहणार.