काठाकडून की मधून

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गच्चीच्या कठड्यावर आजीची वाकळ उन्हात टाकली आणि तिच्यावरचे टाके पाहण्यात बाकीचे वाळवण तसेच राहून गेले. सातारकडच्या आजीच्या लेखी ‘गोधडी’ हा शब्द पुण्याच्या लोकांचा होता, म्हणून मीही वाकळच म्हणते.

गेल्या वर्षी मी हौसेने क्विल्टिंगच्या वर्गाला जाऊ लागले. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी क्विल्टचे तिन्ही थर, म्हणजे वरचे कापड, मधला फुगीर थर आणि खालचे अस्तर, पसरून सांगितले की टाके मधून सुरू करून बाहेर न्यायचे, म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते. माझ्या हाताने मात्र आपसूक कोपरा धरला होता. बाईंनी तो हळूच सोडवला.

आजीकडे सगळे नेमके उलट होते. आठेक मीटरचे जुने लुगडे चौपदरी घडी घातले की माणसाच्या उंचीला पुरते. अशी दोन लुगडी ती सारवलेल्या पडवीत शेजारी शेजारी अंथरायची, तीन कोपऱ्यांवर पाट, वरवंटा आणि पाण्याने भरलेला तांब्या ठेवायची आणि चौथ्यावर मला बसवायची. मग काठावरून निघालेला धावदोरा चौकटीत चौकट घेत आत आत सरकायचा. समोरच्या बाजूने शेजारच्या काकू शिवायला बसत. आजीचा टाका तांदळाएवढा आणि काकूंचा चांगला बोटाच्या पेराएवढा, त्यामुळे काकू घरी गेल्या की आजी त्यांच्या ओळी मुकाट्याने उसवायची आणि दुसऱ्या दिवशी चहा देऊन त्यांना त्याच जागी बसवायची.

शिकवणे असे तिने कधी केले नाही. दोन सुट्ट्यांत मी फक्त सुया ओवून दिल्या. तिसऱ्या सुट्टीत ओवलेली सुई तिने परत घेतली नाही, एवढेच. वर्गात पहिल्याच तासाला पाव इंचाची शिवण, पट्टी आणि गोल पात्याचा कटर हाती आला. १९७९ साली जपानमध्ये निघालेल्या या कटरने तुकडे अगदी एकसारखे निघतात, आणि मला ते काहीसे अळणी वाटतात.

दोघींपैकी कोणाचेच चुकत नव्हते, हे मला उशिरा उमगले. क्विल्टच्या पोटात फुगीर थर असतो, तो कडेकडे लोटावा लागतो. वाकळेत कापडावर कापडच असते, त्यामुळे आधी काठ बांधला की आतले पदर पळत नाहीत. उत्तर कन्नडच्या जंगलात राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या बायका, ज्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातल्या गुलामीतून निसटून तिकडे गेले, आपली कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळच, काठाकडूनच शिवत आत जातात आणि कोपऱ्यांना घड्यांचे ‘फुला’ लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. हे मी वर्गात सांगितले तेव्हा बाईंनी ते वहीत लिहून घेतले, आणि पुढच्या आठवड्यात मला पुन्हा मधूनच सुरुवात करायला लावली.

उन्हात टाकलेली ही वाकळ आजीची शेवटची. मधली वीतभर चौकट तिच्या हातून शिवायची राहिली. प्रत्येक धुण्यानंतर आतले पदर तिथे गोळा होतात आणि मी ते बोटांनी सारखे करत बसते. बाईंना ती दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, मधून सुरू केली असती तर निदान मध्य तरी राहिला नसता. ते खरेच आहे.