चार रॉड आणि वाण्याचा काटा

डंबेल घ्यायचं ठरलं माझ्यामुळे, पण उत्साह सगळा मुलाचा. मी सत्तेचाळीस वर्षांची, डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणारी बँकेतली बाई. गेल्या वर्षी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी केली, टी-स्कोअर उणे 1.6 आला. म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, अजून ठिसूळ नाहीत. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला. जिमला जायचं तर सकाळची लोकल चुकते आणि संध्याकाळी आठनंतर माझ्यात जीव नसतो. म्हणून घरीच करायचं. मुलगा एकोणीस वर्षांचा, त्याला कॉलेजच्या जिमची फी नको होती. एक सेट दोघांत वापरायचा, बजेट बारा हजार, असं ठरलं.

अडचण नेमकी त्या ‘दोघांत’मध्येच होती, पण ते कळायला दोन महिने आणि एक मनस्ताप लागला.

सुरुवातीला वाटलं, ठरावीक वजनाच्या जोड्याच घ्याव्यात. षटकोनी, रबर लावलेल्या, जिममध्ये असतात तशा. कल्याणच्या एका दुकानात 130 रुपये किलोचा भाव सांगितला. अडीच, पाच, साडेसात, दहा, साडेबारा, पंधरा अशा सहा जोड्या धरल्या तर 105 किलो लोखंड होतं. साडेतेरा हजारांच्या वर, शिवाय ठेवायला स्टँड. आमचा हॉल दहा बाय चौदाचा, त्यात सासूबाईंचा दिवाण. सासूबाई म्हणाल्या, “पाटा-वरवंटा जड होतो म्हणून देऊन टाकलास, आता विकतचं लोखंड आणतेस.” यावर काय बोलणार!

मग वजन बदलता येणारे डंबेल बघायला लागलो. ऑनलाइन सगळ्यात वर दिसतात ते पीव्हीसीचे सेट. वीस किलो, सोळा-सतराशे रुपये. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाकडे तसा सेट होता, तो बघायला गेलो. प्लेटच्या आत सिमेंट-वाळूचं मिश्रण असतं, त्यामुळे पाच किलोची प्लेट पुरणपोळीच्या डब्याएवढी जाड. दोन्ही बाजूंना दोन-दोन लावल्या की रॉड संपला, नट बसायलाच जागा नाही. एका प्लेटला चीर गेली होती आणि तिथून बारीक वाळू गळत होती. तो विषय तिथेच संपला.

मुलाचं मन डायलवाल्या डंबेलवर. खाली ट्रे असतो, दोन्ही टोकांना चकत्या फिरवायच्या, आकडा जुळवायचा आणि उचलायचं. हव्या तेवढ्याच प्लेट वर येतात, बाकीच्या ट्रेमध्ये राहतात. अमेरिकेतल्या बोफ्लेक्सचा 552 हा यातला गाजलेला नमुना. एका डंबेलवर 5 ते साडेबावन्न पौंड, म्हणजे साधारण सव्वादोन ते चोवीस किलो, पंधरा टप्प्यांत. पंचवीस पौंडांपर्यंत टप्पा फक्त अडीच पौंडांचा, सव्वा किलोहूनही कमी. त्याच धर्तीवरचे, आपल्याकडे विकले जाणारे बरेच सेट आहेत. आम्ही असाच एक सेलमध्ये सतरा हजारांना मागवला. बजेट मोडलं, पण मुलाचा युक्तिवाद होता की पंधरा जोड्यांचं काम एकच जोडी करते, आई.

पंचवीस-पंचवीस किलोंची दोन खोकी आली. आमच्याकडे लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. डिलिव्हरीवाल्याने ती वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि फोन करून निघून गेला. बाप-लेकांनी वर आणली.

आठवडाभर मजा आली. पण दोन गोष्टी खटकायला लागल्या. एक म्हणजे लांबी. डायलवाल्या डंबेलवर अडीच किलो लावा नाहीतर चोवीस, लांबी तेवढीच, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. हात बाजूला उचलायचा व्यायाम करताना ते टोक दर वेळी माझ्या मांडीला आपटायचं. दुसरी गोष्ट गंभीर. उजव्या डंबेलची एक चकती दोन आकड्यांच्या मध्येच अडायची. ‘टक’ असा आवाज यायला हवा, तो यायचाच नाही. एका रविवारी मुलाने उचललं आणि आतली एक प्लेट तिरकी लटकून निसटली. नशिबाने तो पलंगाच्या कडेला बसला होता, ती गादीवर पडली. पायावर पडली असती तर?

त्या रात्री मी वाचत बसले. जून 2025 मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सचे 552 आणि 1090 हे दोन्ही प्रकार परत मागवले गेले होते, सुमारे 38 लाख नग, आणि कारण हेच की वापरताना प्लेट निसटू शकतात. आमचा सेट त्या कंपनीचा नव्हता, पण रचना तीच. प्लेट धरून ठेवायला आत एक छोटी जीभ आणि खाच, बस. ती नीट बसली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. माझ्या मते अशा डंबेलची हीच खरी उणीव आहे. नट सैल झाला तर डोळ्यांना दिसतो.

परत करण्याचं पुराण थोडक्यात सांगते. पिकअपवाला तीनदा आला नाही, चौथ्यांदा आला तेव्हा म्हणाला मूळ खोकं फाटलंय, घेता येणार नाही. आम्ही खोक्याला तपकिरी टेप गुंडाळून त्याची ममी केली होती. पैसे आले, बावीस दिवसांनी.

आता नवऱ्याने लक्ष घातलं. तोवर तो गप्प होता. तो एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, आयुष्य लेथच्या आवाजात गेलेलं. म्हणाला, “साधा रॉड, बिडाच्या प्लेट आणि नट. यात बिघडायला आहे काय?” मुलगा वैतागला. दर वेळी नट काढा, प्लेट बदला, परत पिळा, दोन मिनिटं जातात. आई पाच किलोवर, मी वीसवर, व्यायाम करायचा की फिटिंग?

आणि इथेच माझ्या डोक्यात आलं. रॉडची किंमत ती काय? चारशे-पाचशे. मग दोन कशाला, चार घेऊ. दोन त्याचे, दोन माझे, लावून ठेवलेले. महाग काय आहे, तर वजन. आणि ते तर दोघांना मिळून एकदाच घ्यायचंय.

शनिवारी पुन्हा कल्याणला गेलो. दुकानदाराने चकचकीत क्रोमचे रॉड काढले. नवऱ्याने नट अर्धा फिरवला आणि बोटाने हलवून दाखवला. आटे इतके उथळ की नट रॉडवर डुगडुगत होता. “दादा, हे सहा महिन्यांत झिजतील. दुसरे दाखवा.” दुसरा रॉड चौदा इंची, भरीव, आटे खोल आणि गोलसर, पकडीच्या जागी चांगली खरखरीत जाळी आणि नटाच्या आतल्या बाजूला रबराची चकती. ती चकती महत्त्वाची. कोपर वाकवून उचलताना प्लेट थोड्या फिरतात आणि त्यांच्यासोबत नटही सुटत येतो, रबर त्याला धरून ठेवतं. मग प्लेट रॉडवर चढवून बघितल्या. एका प्रकाराचं भोक एवढं मोठं की प्लेट खडखडत होत्या. त्या बाजूला ठेवल्या.

खाली रस्त्यावर वाण्याचं दुकान होतं. नवरा चार प्लेट आणि एक रॉड घेऊन थेट तिथे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण वाणी हसला आणि साखरेचं पोतं सरकवून काटा मोकळा करून दिला. पाच किलो लिहिलेली प्लेट 4 किलो 780 भरली. दुसरी 5 किलो 60. म्हणजे डाव्या-उजव्या हातात पाव किलोहून जास्त फरक. रॉड दोन नटांसकट 1 किलो 840. हे बहुतेक जण धरतच नाहीत आणि ‘पाच किलो उचलतो’ म्हणताना प्रत्यक्षात जवळपास सात उचलत असतात. दुकानदार आधी चिडला, मग स्वतःच प्लेट पारखून जोड्या लावायला मदत करायला लागला. म्हणाला, “ताई, वीस वर्षं विकतोय, कोणी वजन करून नेलं नाही.”

शेवटी घेतलं ते असं: चार रॉड 480 प्रमाणे, सव्वा किलोच्या आठ प्लेट, अडीचच्या आठ, पाचच्या चार. पन्नास किलो बीड 115 रुपये किलोने. सगळं मिळून 7,670. उरलेल्या पैशांत रबराची जाड चटई आली, कारण खालच्या मजल्यावर आजी दुपारी झोपतात. चटईला पंधरा दिवस टायरच्या दुकानासारखा वास येत होता. मुलाने पाचच्या चार आणि अडीचच्या आठही प्लेट उचलल्या तरी त्याचा एकेक डंबेल 21 किलो 840 चा होतो आणि मला सव्वाच्या आठ राहतात, त्या पुरतात.

एक गोष्ट मात्र उरली होती. प्लेट दोन्ही बाजूंना लावाव्या लागतात, म्हणजे सव्वाच्या दोन चढवल्या की वजन एकदम अडीच किलोने वाढतं. मुलाला वीसवरून साडेबावीस म्हणजे काही नाही. माझं मात्र हात बाजूला उचलताना नुसत्या रॉडवरून, 1.84 वरून, थेट 4.34 वर. दुपटीहून जास्त! खांद्याने साफ नकार दिला. तेव्हा कपाट उघडलं. खांदा आखडला होता त्या वर्षी फिजिओथेरपीसाठी मनगटाला बांधायचे पट्टे घेतले होते, अर्ध्या किलोची एक जोडी, एक किलोची एक. रिकामा रॉड हातात आणि पट्टा मनगटावर. 2.34, मग 2.84, मग दोन्ही पट्टे बांधून 3.34. चार महिन्यांनी, मागच्या आठवड्यात, सव्वाच्या प्लेट लावल्या आणि आठ वेळा हात वर गेला.

पावसाळ्यात आट्यांवर तांबूस पूड दिसायला लागली. शिवणयंत्राचं तेल फडक्यावर घेऊन महिन्यातून एकदा पुसते, जाते. प्लेटवर प्रत्येकीचं खरं वजन खडूने लिहिलं होतं, घामाने पुसलं, आता ऑइलपेंटने लिहिलंय. सासूबाई कधी कधी दिवाणावर बसून सव्वाची एक प्लेट हातात घेऊन बघतात आणि काही न बोलता खाली ठेवतात.

मुलाला आता पाचच्या आणखी चार हव्यात. या शनिवारी जातोय. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पिशवीत टाकलाय, दर वेळी वाण्याचं साखरेचं पोतं सरकवायला लावणं बरं दिसत नाही.