आमची वाटचाल: नव्या गोधडीकडून जुन्या गोधडीकडे

आम्ही सुरुवात केली ती नव्या गोधड्या शिवून द्यायला. लोकांनी घरातल्या मऊ झालेल्या सुती साड्या आणायच्या, भोर-वेल्ह्याकडच्या मावश्यांनी थर अंथरून, टाचून, हाताने धावदोरा घालायचा. बाळंतविड्यासाठी मागणी चांगली असायची. पण साड्यांच्या गाठोड्यात अधूनमधून एखादी जुनी गोधडीही येऊ लागली. "उसवलंय तेवढं शिवून द्या" म्हणत माणूस ती हातात द्यायचा आणि जाता जाता विचारायचा, "किती जुनी असेल हो ही? पणजीची आहे म्हणतात." आज आमचा निम्मा वेळ याच प्रश्नात जातो.

दुरुस्तीमुळे आम्हाला एक मोठी सोय मिळाली: गोधडी आतून बघायला मिळते. वर दिसणारी साडी बहुतेक वेळा शेवटची भर असते. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली धोतर, आणि पुष्कळदा सगळ्यांत आत एक अख्खी विरलेली गोधडीच. टाकवत नाही म्हणून कुणीतरी तिच्यावर नवं कापड घालून पुन्हा शिवलेली असते. त्यामुळे आम्ही एकच वय कधी सांगत नाही. आतल्या गोधडीचं वेगळं, बाहेरच्या शिवणीचं वेगळं, ठिगळांचं आणखी वेगळं.

शिवणीचं वय त्या टाक्यात धरलेल्या सगळ्यांत नव्या कापडावरून ठरतं. नऊवारी कितीही जुनी असो, तिच्याच टाक्यात टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत मिसळून केलेल्या कापडाचा, तुकडा असेल तर पणजीची गोष्ट तिथेच थांबते. पॉलिएस्टरचा शोधच १९४१चा, आणि आपल्याकडे टेरिकॉट घरोघरी पोचलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. शंका असेल तर सुटलेला एखादा धागा जाळून पाहतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

सगळ्यांत आनंद होतो तो काठावर गिरणीचा छाप सापडला की. एका गोधडीत मांजरपाटाच्या काठावर नव्या पैशांतली किंमत पुसट उरली होती. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले आणि १९६४मध्ये त्यातलं 'नवे' गेलं. कापड त्या सात वर्षांतलं, म्हणजे शिवण त्याआधीची असूच शकत नाही. किंमत आण्यांत असेल तर कापड त्याआधीचं. लांबी मीटरमध्ये असेल तर दशमान मापं आल्यानंतरचं.

रंगावरून बोलताना मी जपून बोलते. पहिला कृत्रिम रंग, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनचा जांभळा, १८५६चा. तसला भडक जांभळा दिसला तर कापड त्याआधीचं नाही, एवढं नक्की. निळ्याचं तसं नाही. १८९७पासून कारखान्यात तयार झालेली नीळ बाजारात आली आणि तिचं रसायन झाडाच्या निळीचंच आहे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. निळा रंग बघून "शंभर वर्षांपूर्वीची" म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांचं मी मनावर घेत नाही. अतिनील दिव्याचंही तेच. त्याखाली कापड निळसर पांढरं चमकलं, तर त्यावर कधीतरी टिनोपॉल, म्हणजे कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घालायची पूड, किंवा धुण्याची पावडर पडली एवढंच कळतं. जुन्या लुगड्यालाही आपण हौसेने पावडरीत धुतलेलं असतंच.

गोधडी कुठली, हा प्रश्न जास्त अवघड. इरकल दिसली की लोक लगेच कर्नाटक म्हणतात, पण इरकल लुगडी आपल्या बाजारांत कित्येक पिढ्या विकली जातायत. करवती काठ विदर्भातल्या मागावरचा, म्हणून ती गोधडीही विदर्भातच शिवली असं होत नाही. कापडावरून बाजार कळतो, शिवणारा हात टाक्यावरून शोधावा लागतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती मी याचसाठी मुद्दाम बघून आले. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ठिगळं बसवत कडेकडेने आत, मध्यापर्यंत येतात आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. असे कोपरे दिसले की मग कापड कुठलंही असो, मी तिकडेच बघते. आमच्या मावश्या तर टाक्याच्या कलावरून शिवणारी डावखुरी होती का तेही सांगतात, आणि त्यांच्या सांगण्याला मी फार मान देते.

एका गृहस्थांना गोधडी विकण्यासाठी 'दीडशे वर्षं जुनी' असा कागद हवा होता. आतल्या थरात टेरिकॉट होतं. आम्ही तसं लिहून दिलं, ते गोधडी घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यानंतर आम्ही ठरवलं की किंमत सांगायची नाही. चिठ्ठीवर काय दिसलं आणि त्यावरून काय ठरवलं, एवढंच लिहितो. उसवल्याशिवाय जे कळणार नाही तेही वेगळं नोंदवतो. नुसतं वय कळावं म्हणून धड असलेली गोधडी आम्ही उसवत नाही.

सध्या जिथे जिथे दुरुस्ती होते तिथल्या टाक्यांचे फोटो आणि गावाचं नाव एका वहीत जमवतोय. तुमच्याकडची गोधडी आणणार असाल तर आधी धुऊ नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सुती चादरीत गुंडाळून आणा. घरात ती शिवलेली बघितलेलं कुणी असेल तर त्यांना विचारून दोन ओळी लिहून आणा: लुगडी कुणाची होती, कुठल्या बाजारातली होती, कोण शिवायला बसायचं. दुकान सोमवारी बंद असतं.