केसांच्या गोळीने केलेला घोळ

गेली आठ वर्षं सकाळी साडेपाचला थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनची, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी साध्या पाण्यासोबत घेते आणि मग तासभर चहाकडे बघायचंही नाही. नागपूरच्या डिसेंबरात हा तास किती लांबतो, ते घेणाऱ्यालाच ठाऊक.

मागच्या हिवाळ्यात रिपोर्ट आला: टीएसएच ०.०६, मर्यादेच्या बराच खाली; फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, मर्यादेच्या वर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कमी आलं ना, मग चांगलंच झालं की वं!" तसं नसतं. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरीने थायरॉईडला धाडलेला हुकूम. रक्तात हार्मोन जास्त झालं की हुकूम थांबतो, आकडा खाली येतो. म्हणजे माझा डोस जास्त होतोय. रिपोर्ट वाचल्यावरच छातीत धडधडायला लागलं, आधी काही नव्हतं! मी गोळी अर्धी करायला निघाले होते, पण ह्यांनी धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं.

बाईंनी आधी विचारलं, रक्त दिलं तेव्हा गोळी घेऊन किती वेळ झाला होता? अडीच तास. "त्याने टी-फोर थोडा चढतो, पण टीएसएच एवढा पडत नाही." नाडी ७६. हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, तो हलला नाही, म्हणजे हार्मोन जास्त झाल्याची थरथर नव्हती. मग सहज म्हणाल्या, "केसांसाठी काही घेता का?"

घेत होते, १० मिलिग्रॅम बायोटिन हे व्हिटॅमिन, दोन महिन्यांपासून. ते औषधात मोजायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. काही यंत्रांच्या चाचणीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते भरपूर असलं की मोजणी बिघडते: टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटा जास्त. हुबेहूब डोस जास्त झाल्याचं चित्र!

बायोटिन बंद करून चौथ्या दिवशी, थायरॉक्सिन घ्यायच्या आधी रक्त दिलं. टीएसएच २.४, मर्यादेत. डोस तोच राहिला. गोळी अर्धी केली असती तर लगेच कळलंही नसतं. थायरॉक्सिन हळू उतरतं, आठवडाभरात जेमतेम निम्मं होतं, म्हणून डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनीच तपासतात. तोवर मी सुजून, पेंगत बसले असते.

केसांची उरलेली बाटली नणंदेने मागून नेली. तिला बजावलंय, कुठलंही रक्त द्यायच्या आधी हिचं नाव सांगायचं.